पावण्याला नोटीस कुणी काढायची?

माझं माहेर मुरगूडच्या बाजूचं. गावाचं नाव सांगते तुमास्नी, पर लिवू नका ताई, आणि सासरचं तर मुळीच लिवू नका, कोल्हापूरला लागून हाय एवढं लिवा नि सोडून द्या. माझ्या आईचा मिरची कांडायचा डंक होता. उन्हाळा लागला की बायका मिरच्या, खोबरं, लसूण सगळं घिऊन लाईन लावून बसायच्या आणि तो डंक असा धडाधडा चालायचा की शेजारी बसलेल्या माणसाला बी वरडूनच सांगाय लागायचं. त्या आवाजात मी वाढले, म्हणून माझा आवाज ह्यो असा हाय. आता बी मी भांडत न्हाय, बोलतीय, तुमी घाबरू नका.

सातवीपातूर शाळा झाली, मग लग्न. नवरा बघायला आलं तवा त्यांनी एक शब्द काढला न्हाय. आईनं इचारलं पावणं चा घेणार का, तर नुसती मान हलवली. माझी चुलती म्हणाली अगं मुकंबिकं हाय का बघ की, नंतर नाव ठेवू नको आमास्नी. मुकं न्हवतं. पर बोलायचं म्हंजे त्यांच्या जिवावर येतंय. मी ह्यो डंक आणि आमचं मालक म्हंजे देवळातली समई, असं आमचं जमलं, आणि चांगलं जमलं, खोटं कशाला सांगू. भांडाण झालं तर मी एकटीच भांडते नि मीच मिटवते.

मालक ग्रामपंचायतीत पाणी सोडायला होतं. खांद्यावर ती वॉलची लांब चावी टाकायची नि गल्लीगल्लीनं फिरायचं, ह्या गल्लीचा वॉल बंद, त्या गल्लीचा चालू, टाकीत पावडर टाकायची, कुठं पाईप फुटली तर चिखलात उतरायचं. दिवाळी असू दे, घरात कोण मेलेलं असू दे, पाणी सोडल्याबिगर आलं न्हाईत कवा. आणि एवढं करून कायम न्हवतं बघा. जो सरपंच येईल तो म्हणायचा ह्या टायमाला तुला कायम करतोच. ह्यांनी मान हलवायची.

घर त्यावर भागत न्हवतं म्हणून मी भाकरीचं सुरू केलं. आधी एकटीच होते, मग आमच्या गल्लीतली हसीना भाभी आली, आता चार बायका हायत. आमच्या भाकरी कोल्हापुरातल्या दोन मेसला जात्यात, पोरं शिकायला आल्यात त्यांच्या. भाकरीचं काय हाय ताई, लोकास्नी वाटतंय पीठ चांगलं की भाकरी चांगली. पीठ तर लागतंयच. पर भाकरी पाण्यावर असती. पाणी कढत घालून पीठ मळलं तर ती फुगती, पदर सुटतो. आणि ज्वारीच्या पिठात काय लपत न्हाय. चपातीत तेल घालून झाकशीला, भाकरीत काय घालणार? पाण्याला वास असंल तर तो भाकरीला येणार म्हंजे येणारच.

तर तो वास याय लागला. चौकात गटार नवी केली, मशीन लावून खणलं, तवा आमच्या पाण्याच्या पाईपला धक्का बसला. मालकांनी दुसऱ्याच दिवशी सरपंचाला सांगितलं. सरपंच आमच्या भावकीतलाच, मला वहिनी म्हणतो, लग्नात माझ्या पुढंमागं नाचलेला. बघू म्हणाला. परत सांगितलं, बघू म्हणाला. गटारीचं उद्‌घाटन झाल्यालं, फोटो छापून आल्यालं, आता ते खणायचं म्हंजे काम बोगस झालं असं कबूल केल्यागत व्हतंय न्हवं का. म्हणून ते तसंच ठिवलं. नळ सोडला की आधी पिवळं यायचं, मग जरा निवळायचं, वास तसाच.

आमी जार आणून मळायचो, पर रोज एवढ्या भाकरीला जारचं पाणी घिऊन परवडतंय व्हय? एक दिवस जार आला न्हाय, नळाचंच उकळून घेतलं. दुपारी मेसवाल्या मावशीचा फोन, मावशी म्हंजे देवमाणूस, कवा आवाज चढवत न्हाय, ती म्हणाली अगं पोरांनी पानातच ठिवल्या भाकरी, गटारीचा वास येतोय म्हणत्यात, असं व्हायला लागलं तर मला दुसरं बघावं लागंल. माझ्या हातच्या भाकरीला गटारीचा वास. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तांब्या घेतला, नळाखाली धरला, फोन हसीना भाभीच्या हातात दिला नि म्हटलं धर हिकडं. आणि बोलले. काय लई न्हाय बोलले. म्हटलं सरपंच, ह्ये बघा तुमचं पाणी, तुमच्या गटारीच्या उद्‌घाटनाला आमी आलतो, आता तुमी आमच्याकडं चा प्यायला या, ह्याच पाण्याचा करते, साखर माझ्याकडनं. एवढंच. गावाचा व्हाट्सअपचा ग्रुप हाय, सगळं गाव हाय त्यात, त्यात टाकलं नि परत पीठ मळाय बसले.

सांजंपातूर ते कुठनं कुठं गेलं. कुणीतरी ते फेसबुकवर ग्रामपंचायतीच्या पानावर नेऊन टाकलं, सरपंचाच्या वाढदिवसाचा फोटो होता त्याच्या बरोबर खाली. माझा आवाज असा, तोंड दिसायचं कामच न्हवतं, अख्ख्या गावानं वळखलं. खाली लोकांनी लिवलं होतं, वहिनी साखर आमी आणतो, आमच्या गल्लीत बी असंच हाय, पलीकडच्या गल्लीत तर आळ्या आल्यात. वाचून मला बरं वाटलं बघा. म्हटलं आता तरी खणत्यात.

खणलं न्हाय. ग्रुपच बंद केला. म्हंजे फक्त सरपंच नि ग्रामसेवक लिवू शकणार, बाकीच्यांनी वाचायचं. फेसबुकवर लोकांनी खाली लिवायचं ते बंद केलं. आणि पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावली, जो कोण मोबाईलवरनं ग्रामपंचायतीची बदनामी करंल त्याच्यावर कायदेशीर कारवाई. दाखले मिळणार न्हाईत, हे मातर कागदावर न्हवतं, ते शिपायानं घरोघरी तोंडानं सांगितलं. लोकं गपगार. कुणाच्या पोराचं ॲडमिशन, कुणाचं घर बांधायचं काढल्यालं, दाखला तर सगळ्यास्नी लागतोय. ज्या बायका आळ्या दावत होत्या त्याच मला म्हणाय लागल्या, तू जरा जपून बोलायचं होतंस ग. मी म्हटलं जपूनच बोलले, न्हायतर शिवी दिली असती.

मालकांना पंचायतीत बोलवून घेतलं. काय झालं ते मला दुसऱ्याकडनं कळलं, ह्यांनी काय सांगितलं न्हाय. सरपंच म्हणाला पंचायतीचा पगार खायचा नि घरातल्या बाईला पंचायतीवर सोडायचं, ह्ये जमणार न्हाय, एकतर तिला आवर न्हायतर चावी ठीव. घरी आलं, जेवलं, ताट धुतलं. मग म्हणालं, काढून टाक ते. मी म्हटलं काढून टाकाय आता ते माझ्याकडं हाय कुठं, लोकांच्या फोनमधी गेलंय. तर म्हणालं, मग माफी माग. एवढं बोलून उठून गेलं. आमचं मालक एका दिवसात दोन वाक्यं बोललं आणि दोन्ही माझ्या विरोधात. मी पदराला तोंड पुसलं नि भांडी घासाय बसले. रडले, व्हय, रडले की.

मग चौकीतनं फोन. तक्रार आलीया, येऊन जावा म्हणाले. हसीना भाभी माझ्यासंगं आली, मला म्हणाली आपण दोघी जाऊ, फोन तर मीच धरला होता. हवालदार वयस्कर होता, चांगला होता. म्हणाला बाई, व्हिडिओ तुमीच केलाय न्हवं? मी म्हटलं साहेब, आवाज माझा, तांब्या माझा, पाणी पंचायतीचं. तो तोंड फिरवून हसला, मी बघितलं. मग म्हणाला हे बघा, माझ्याकडं आलंय म्हणून मी बोलवलं, गुन्हा काय न्हाय ह्यात, पर ही मोठी लोकं हायत, मिटवून घ्या. भाभी त्याला म्हणाली साहेब मिटवायचं तर पाईपचं तोंड मिटवा की, आमचं कशाला. त्यानं चा पाजला दोघीस्नी आणि जावा म्हणाला.

मिटवायचं कसं ते सरपंचानं ठरवून ठिवलं होतं. मी नळाजवळ उभी ऱ्हायची नि म्हणायचं की आमच्याच घरातला पाईप सडला होता, पंचायतीचं पाणी चांगलं हाय, माझ्याकडनं चूक झाली. शूटिंग ते करणार. ते झालं की मालकांना कायम करायचा ठराव घेणार. आता बघा ताई, कुठं आणून ठिवलं मला. एवढी वर्षं कायम कायम करत होतं माणूस, आणि त्याचं कायम व्हायचं माझ्या तोंडात येऊन बसलं. खोटं बोलायचं म्हंजे काय, एका मिनिटाचं काम. बायका संसारात दिवसाला धा खोटं बोलत्यात, मी बी बोलते, भाजी खारट न्हाय म्हणते. पर मावशीच्या मेसमधल्या पोरांच्या पानातली ती भाकरी मला दिसायची. मी म्हटलं म्हाई झाली की करते. म्हाईच्या गडबडीत मला येळ न्हाय म्हणून सांगा सरपंचाला. मालकांनी सांगितलं. आणि खरं सांगते, मी करणार होते. मनात ठरवलं होतं. माणसाची नोकरी घालवून मी काय मिळवणार होते?

म्हाई म्हंजे आमच्याकडची जत्रा. त्या दिवशी घरटी मटण शिजतंय, तांबडा, पांढरा, आणि पावणं. गावात ज्याच्या दारात गाड्या जास्त तो मोठा. बहिणीच्या सासरचं, साडूचा भाऊ, नोकरीवरचा दोस्त, रस्त्यानं चाललेल्या माणसाला बी हाताला धरून जेवाय बसवत्यात. सरपंचाला म्हाईत दावायचं होतं की बाई खोटी बोलली. म्हणून त्यानं ग्रुपवर टाकलं की पंचायतीचं पाणी शुद्ध हाय, ह्या वर्षी म्हाईला कुणी जार आणू नये, जार आणणं म्हंजे गावाची बदनामी. आणि जारवाल्याच्या गाडीला त्या दिवशी गावात येऊ दिलं न्हाय. देवळाच्या म्होरं नळ लावला, त्याला फुलांची माळ घातली. मला कळालं तवा मी डोक्याला हात लावला. अरं बाबा, गावच्या माणसाला तू दाखल्यानं दाबशील, पावणं येणार हायत त्यांचं काय करशील? पर सत्तेतल्या माणसाला ह्ये सुचत न्हाय. त्याला वाटतंय आपल्याम्होरं गप बसत्यात तीच सगळी दुनिया.

सरपंचाची मोठी पोरगी वारणानगरला दिलीया. तिचा सासरा म्हंजे सरपंचाचा व्याही जेवाय आल्ता, संगं अख्खं घर, दोन गाड्या. व्याही बोलायला लई तिखट, माझ्यापेक्षा बी मोठा आवाज. हात धुवाय नळावर गेला, चूळ भरली नि तितंच थुकला. म्हणाला ह्ये काय हाय? कोणतरी म्हणालं पावणं, पाणी जरा आज असं आलंय. तर त्यानं फोन काढला नि बोलत बोलत शूटिंग केलं, आमची सून ह्या पाण्यावर वाढली व्हय, म्हणूनच सारखी आजारी असती, आणि ह्यो आमचा व्याही सरपंच हाय बरं का, ह्यो बघा. असं म्हणून सरपंचाचं तोंड बी घेतलं त्यात. सरपंचाच्या हातात तांबड्या रश्श्याचं पातेलं होतं, तो वाढायला चालला होता, तो तसाच उभा. मी तितं न्हवते, माझ्या जावंनं बघितलं, ती वाढाय गेल्ती. ती म्हणाली, अगं त्याला हसावं का रडावं कळंना.

व्याह्यानं ते टाकलं. मग बाकीच्या पावण्यांनी टाकलं. उचगावचं कोण, कागलचं कोण, पार निपाणीकडनं आल्याली माणसं, प्रत्येकानं आपापल्या गावच्या ग्रुपवर. कुणी पांढऱ्या रश्श्याचा फोटो, पांढरा कसला, मळकाच. रात्री काही पावण्यास्नी उलट्या झाल्या, त्यांचं बी आलं. आता काढ की नोटीस. पोरीच्या सासऱ्याला काढणार? आमच्याकडं पोरीच्या सासऱ्याचं जेवताना ताट हललं तरी बापाला झोप लागत न्हाय. सरपंचानं दुसऱ्या दिवशी वारणानगरला जाऊन व्याह्याचं पाय धरलं म्हणत्यात. मी बघितलं न्हाय, म्हणून तसं लिवू नका, म्हणत्यात असं लिवा.

तालुक्याहून साहेब आलं, पाणी बाटलीत घिऊन गेलं. मग ग्रामसभा घ्यावीच लागली. एरवी ग्रामसभेला कुत्रं येत न्हाय, त्या दिवशी बायका बी आलत्या, देवळाच्या पायऱ्या भरल्या. मी भाभीसंगं मागं बसले होते. सरपंच उठला नि म्हणाला, चूक झाली ती पंचायतीची न्हाय, पाणी सोडणाऱ्या माणसानं टाकीत पावडर टाकली न्हाय, त्याचा ह्यो परिणाम. सगळ्यांनी आमच्या मालकांकडं बघितलं. मला वाटलं आता ह्ये मान हलवत्यात. जन्मभर हलवलीया.

मालक उभं ऱ्हायलं. टोपी काढली, परत घातली. म्हणालं, पावडर मी रोज टाकतो. चौकात पाईपला गटार लागलंय ह्ये तुला मी तवाच सांगितलं. मला वाटलं झालं, तर म्हणालं, माझ्या बायकोनं जे दावलं ते खरं हाय, माफी ती मागणार न्हाय.

आणि बसलं खाली.

ताई, आमच्यात चारचौघांत नवरा बायकोचं नाव काढत न्हाय, माझी बायको असं म्हणत न्हाय, घरातली म्हणत्यात, न्हायतर पोरीची आई म्हणत्यात. ह्यांनी सगळ्या गावाम्होरं म्हटलं. भाभीनं माझा हात एवढा दाबला की बांगडी पिचली. पायरीवरनं एक म्हातारी म्हणाली आमच्या गल्लीत बी तेच पाणी हाय, मग दुसरी, मग गडी बी बोलाय लागलं. ज्यांनी तोंडं शिवून घेतल्याली ती सगळी बोलाय लागली.

त्याच आठवड्यात चौक खणला, पाईप बदलली. आता पाणी निवळ येतंय, तुमी आत्ता पिलासा तेच. मेसच्या भाकरी मधी बंद पडल्या होत्या, त्या परत सुरू झाल्या. फळ्यावरची नोटीस अजून तशीच हाय, काढायची कुणाच्या ध्येनात न्हाय, आणि ग्रुपवर अजून बी आमी नुसतं वाचतोय. कधीमधी सरपंच गुलाबाचं फूल टाकतो सकाळचं.

मालकांची चावी गेली. काढलं असं कुणी म्हटलं न्हाय. पाण्याचं काम ठेकेदाराला दिलंय, त्याची माणसं हायत, तू आता जरा इश्रांती घे असं सांगितलं. आमी कुठं जायचं इचारायला? कायम तर न्हवतंच कवा. आता ते भाकरी गाडीवर घालून मेसला पोचवत्यात आणि दुपारी माझ्याम्होरं बसून भाजत्यात. करपवत्यात थोड्या. मी काय बोलत न्हाय, त्या करपल्याल्या आमी दोघं खातो. पाणी यायच्या टायमाला मातर उठून दारात जाऊन उभं ऱ्हात्यात, नवा माणूस वॉल फिरवत असतो त्याच्याकडं बघत. पाणी आलं की भांडं भरून आत आणून ठेवत्यात. मला ते बघून वाईट वाटतंय, लई वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. त्या दिवसाबद्दल मी एकदा इचारलं, म्हटलं मला आधी सांगायचं तरी होतंसा, मी माफीचं ठरवून बसले होते. तर म्हणालं, मला ठावं होतं तू मागशील म्हणून. एवढंच. परत भाकरी उलथली.

आता उठते ताई, दुसरं पीठ मळायचं ऱ्हायलंय. लिवा तुमी, नीट लिवा, मी बोलले तसं लिवा. तुमच्या नळाला निवळ पाणी येऊ दे. आणि कवा घाण आलं, नि तुमास्नी बोलाय लागलं, तर घरातलं एक माणूस उठून तुमच्या बाजूनं उभं ऱ्हाऊ दे, एवढंच मागणं हाय माझं देवाकडं.